वडिलांच्या पायाच्या जखमेवर घरचा मध लावू का? एका सर्जनचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाबा ६१ वर्षांचे, १४ वर्षांपासून शुगर, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला जखम होऊन पाच आठवडे झाले, भरत नाहीये, थोडा पू आणि वास येतो, पण बाबा म्हणतात दुखत नाही. मामांनी जावळीच्या जंगलातून आग्या मोहोळाचा शुद्ध मध आणलाय. मध एमआरएसएसारख्या चिवट जंतूंनाही मारतो असं वाचलंय, तर लावू का, आणि शुगर असताना मध लावला तर चालतो का.

तुमचं वर्णन वाचताना माझी नजर सगळ्यात आधी "दुखत नाही" या शब्दांवर अडकली. पाच आठवड्यांची पू येणारी जखम, तीही ज्यावर अख्ख्या अंगाचं वजन पडतं अशा जागी, आणि दुखत नाही, याचा अर्थ पायाच्या नसा बधिर झाल्यात. म्हणजे बाबा रोज त्या जखमेवर चालतायत आणि त्यांना कळतच नाहीये. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते: मामांनी आणलेला मध या जखमेवर लावू नका, आणि या दोन-तीन दिवसांतच पाय सर्जनला दाखवा. पण मध हे थोतांड आहे असं अजिबात नाही हां, मी स्वतः गेली २२ वर्षं जखमा बघतेय आणि त्यातली बरीच वर्षं मधाचं ड्रेसिंग वापरतेय. म्हणून नुसतं "नको" म्हणून सोडत नाही, का नको आणि कुठे हो, ते नीट सांगते.

मध काम कसा करतो हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. मधात साधारण ८० टक्के साखर असते, फ्रुक्टोज जास्त, ग्लुकोज त्याहून थोडं कमी, आणि पाणी जेमतेम १७-१८ टक्के. ते पाणीसुद्धा साखरेने असं धरून ठेवलेलं असतं की जंतूंना प्यायला काही उरत नाही, उलट जंतूंच्या अंगातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. आपल्याकडे मोरावळा किंवा लोणचं का टिकतं, तेच हे. शिवाय मध आंबट असतो, जिभेला जाणवत नाही पण त्याचा पीएच साधारण ३.२ ते ४.५ च्या मधे येतो, आणि जखमेतल्या बऱ्याच जंतूंना एवढा आंबटपणा सोसत नाही.

आता कोणी म्हणेल मग साखरच भरू की जखमेत, आणि खरं सांगायचं तर साखरेची ड्रेसिंग्जही सर्जन लोकांनी वापरलेली आहेत. पण जखमेतून पाणी पाझरलं की साखर पातळ होते आणि तिचा जोर संपतो. मधाचं वेगळेपण इथेच सुरू होतं. मधमाशी फुलातल्या रसात स्वतःच्या डोक्यातल्या ग्रंथीतून एक एन्झाइम मिसळते, ग्लुकोज ऑक्सिडेज. घट्ट मधात ते जवळजवळ झोपलेलं असतं, आणि मध पातळ व्हायला लागला की जागं होतं आणि ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवायला लागतं. म्हणजे जखमेच्या पाण्याने साखर हरायला लागते नेमकी तेव्हा हे दुसरं हत्यार चालू होतं. लहानपणी गुडघा फुटल्यावर डॉक्टर जे फेसाळणारं औषध ओतायचे तेच हे पेरॉक्साइड, फक्त त्या बाटलीतलं ३ टक्के असतं आणि मधातलं त्याच्या साधारण हजारपट कमी. बाटलीतलं जोरदार पेरॉक्साइड जंतूंबरोबर आपल्या नव्या पेशींनाही जाळतं, म्हणून आम्ही ते आता जखमेत फारसं ओततच नाही, पण मधातून ते थेंबाथेंबाने, तासन् तास येत राहतं आणि पेशींना तेवढा त्रास होत नाही. मला मधाची ही गोष्ट आजही मनापासून आवडते.

अजून एक गोष्ट घरच्यांना लगेच जाणवते ती म्हणजे वास जातो. जखमेतले जंतू मेलेल्या मांसातली प्रोटीन खातात आणि त्यातून तो घाण वास तयार होतो. मध घातला की त्यांना सोपं खाणं मिळतं, साखर, आणि साखर खाऊन ते लॅक्टिक ॲसिड बनवतात ज्याला तसला वास नसतो. शिवाय मध आतून पाणी ओढून जखम ओली ठेवतो त्यामुळे पिवळा चिकट थर सुटून येतो आणि ड्रेसिंग काढताना गॉज चिकटून कातडी ओरबाडली जात नाही. वास गेला की माणूस परत घरच्यांत येऊन बसतो, जेवतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय आणि त्याची किंमत कमी नाही. पण वास जाणं म्हणजे इन्फेक्शन जाणं नव्हे, हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर परत येते.

एमआरएसएबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे, फक्त ते प्रयोगशाळेतल्या बशीतलं आहे. बशीत मध एमआरएसएला थांबवतो, स्युडोमोनास नावाच्या दुसऱ्या चिवट जंतूला थांबवतो, आणि अँटिबायोटिकला जंतू जसे सरावतात तसे मधाला सहज सरावत नाहीत, कारण मध एकाच वेळी अनेक बाजूंनी मारतो. पण बशीत जंतू आणि मध समोरासमोर असतात. पायात तसं नसतं. मध जिथे पोचतो तिथेच काम करतो, म्हणजे जखमेच्या पृष्ठभागावर आणि थोडंसं खाली, तर डायबेटिक पायातलं इन्फेक्शन बऱ्याचदा स्नायूबंधाच्या कडेने, दोन हाडांच्या मधून, हाडात असं आतल्या आत गेलेलं असतं. वरून कितीही मध लावा तो तिथे जात नाही.

आपल्या राज्यातल्या लोकांना माहीत असायला हवी अशी एक गोष्ट सांगते. मधाच्या आधुनिक संशोधनात जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं त्यातले एक सर्जन आपल्या सोलापूरचे, डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम. त्यांनी १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. ५२ जणांना मध आणि ५२ जणांना त्या काळचं नेहमीचं पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. मधवाल्यांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमवाल्यांत फक्त ७ टक्क्यांत इन्फेक्शन आटोक्यात आलं. १५ दिवसांत मधाच्या ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या १० टक्के. मी रेसिडेंट असताना हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा सोलापूरचं नाव तिथे बघून जो अभिमान वाटला तो अजून आठवतो. न्यूझीलंडच्या मधाचा एवढा गाजावाजा होतो आणि आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात, साध्या मधावर झालेलं हे काम आपल्याच लोकांना माहीत नसतं.

पण डॉक्टर म्हणून त्यापुढचंही सांगायला हवं. एवढा प्रचंड फरक दिसला की मी जरा थांबून बघते. अशा अभ्यासात डॉक्टरला कळतंच की कुठल्या रुग्णाला मध लावलाय, लपवता येत नाही, त्यामुळे नकळत झुकतं माप पडू शकतं. दुसरं असं की सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलमच जखम भरण्याच्या बाबतीत संथ आहे हे नंतर इतर अभ्यासांतून पुढे आलं, म्हणजे मध ज्याच्याशी लढला तो पैलवान तसा कच्चा होता. आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं: याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९९ मध्ये अजून एक अभ्यास छापला, ५० रुग्णांचा, त्यात एका गटाला मधाचं ड्रेसिंग आणि दुसऱ्या गटाची भाजलेली कातडी लवकर ऑपरेशनने काढून नवी कातडी लावली. त्यात ऑपरेशन जिंकलं, आणि त्यांनी पेपरच्या मथळ्यातच तसं लिहिलं. ज्या माणसाने मधासाठी एवढं काम केलं त्यानेच मध कुठे कमी पडतो तेही छापलं. मधाचे व्हिडिओ करणारे १९९१चा पेपर दाखवतात, १९९९चा कोणी दाखवत नाही.

तसा मध आणि जखम हे नातं फार जुनं आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये चरबी, मध आणि कापडाचे तंतू लावायला सांगितलंय आणि आपल्या सुश्रुतसंहितेत व्रणाच्या उपचारात मध आणि तूप परत परत येतं. सुश्रुताने तर मधाचे आठ प्रकार सांगितलेत, माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक वगैरे, म्हणजे सगळा मध सारखा नसतो हे त्यालाही ठाऊक होतं. पण सुश्रुताने व्रणाला साठ उपक्रम सांगितलेत आणि त्यात कापणं, पू काढणं, शोधणं हे सगळं आहे, नुसतं वरून मध लावून बसा असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

आता एकूण पुरावा काय म्हणतो ते पटकन सांगते. २०१५ मध्ये कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, जगभरातले २६ अभ्यास, ३०११ रुग्ण, एकत्र करून बघितले. वरवर भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात आणि ऑपरेशननंतर पिकलेले टाके मधाने लवकर बरे होतात, एवढं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता आलं. खोल भाजलं असेल तर लवकर ऑपरेशन करून कातडी लावण्यापेक्षा मधाने उशीर होतो. पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे घोट्याजवळ होणाऱ्या जखमांवर न्यूझीलंडमध्येच, मधाच्या माहेरीच म्हणा, ३६८ लोकांचा मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापला. १२ आठवड्यांनी मधवाल्यांच्या जवळपास ५६ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ५० टक्के जखमा भरल्या, हा फरक योगायोगानेही येऊ शकतो इतका छोटा, आणि मधवाल्यांना आग जास्त झाली. आणि तुमच्या कामाचं, डायबेटिक पायाबद्दल: या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने, आयडब्ल्यूजीडीएफने, २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की डायबेटिसच्या पायाची जखम भरावी म्हणून मध वापरू नका.

का, ते एका रुग्णामुळे मला जन्मभरासाठी समजलं. बरीच वर्षं झाली, एक शेतकरी काका आले होते, साधारण तुमच्या बाबांच्याच वयाचे, करंगळीच्या खाली तळव्याला जखम. घरी दोन महिने मध लावत होते, आणि जखम दिसायला इतकी छान होती, लालसर, ओली, वास नाही, पू अगदी नावापुरता. मी पण वरवर बघून समाधान मानलं, मधच चालू ठेवा म्हटलं आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. ते आले तेव्हा पाऊल सुजलेलं, थंडी वाजून ताप. जखमेत सळई घातली तर टक्क करून हाडाला लागली. ही तपासणी दोन मिनिटांची असते, बोथट निर्जंतुक सळई हलकेच आत घालायची आणि हाडाचा कडक स्पर्श लागतो का बघायचं. मी ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. करंगळी आणि तिच्यामागचं हाड काढावं लागलं, पाय वाचला. मधाने त्यांचं काही वाईट केलं नव्हतं, त्याने त्याच्या वाट्याचं काम म्हणजे वरचा भाग स्वच्छ करणं इतकं चोख केलं होतं की आतलं सडणं आम्हा दोघांनाही दिसलं नाही. तेव्हापासून माझ्याकडे डायबेटिक पाय आला की सळई, पायाची नाडी आणि बधिरपणाची तपासणी झाल्याशिवाय ड्रेसिंग काय लावायचं यावर मी बोलतच नाही.

आता मामांच्या मधाबद्दल. मामांनी प्रेमाने आणलाय आणि तो शुद्ध असणार यात मला शंका नाही, तरी तो जखमेसाठी नाही. आग्या मोहोळाचा मध बहुतेक वेळा पोळं पिळून काढतात, त्यात पराग, मेण, अळ्यांचे तुकडे, धूर देताना उडालेली राख असं काय काय येतं. पावसाच्या आसपास काढलेला, पूर्ण न पिकलेला मध पातळ असतो, पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की तो फसफसायला लागतो आणि त्याचा साखरेचा जोरही तेवढा कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही कच्च्या मधात बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंची बीजं असू शकतात. ती मधात वाढत नाहीत पण मरतही नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका असं आम्ही कळकळून सांगतो ते यामुळेच. मग अशी बीजं असलेला मध ज्या जखमेत रक्तपुरवठा कमी, मांस अर्धमेलं, तिथे कशाला भरायचा?

गरम करून निर्जंतुक करू असं बरेच जण म्हणतात. उकळलात तर ते पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम आधी मरतं, आणि बीजं मात्र उकळीतूनही वाचतात, म्हणजे हवं ते गेलं आणि नको ते राहिलं. आयुर्वेदातही मध तापवू नये म्हणतात, कारण तिथे वेगळं दिलंय पण सल्ला जुळतो. उन्हात काचेच्या बरणीत ठेवलेल्या मधाचंही तेच, उजेडाने एन्झाइम कमी होत जातं. औषधी मध निर्जंतुक करतात तो गॅमा किरणांनी, साधारण २५ किलोग्रेचा डोस देऊन, त्यात बीजं मरतात आणि मधाची जंतू मारायची ताकद शाबूत राहते. सलाइनचे सेट, सिरिंज वगैरे याच पद्धतीने निर्जंतुक होतात, आपल्याकडे ट्रॉम्बेला आयसोमेड हा तसला प्रकल्प १९७४ पासून आहे. घरी हे करता येत नाही, एवढाच मुद्दा.

दुकानातल्या बाटलीचं तर विचारूच नका. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या १३ ब्रँडचे नमुने तपासले, २२ पैकी १७ नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. असला पाक जखमेत गेला तर त्यात ना एन्झाइम ना काही. आणि खरा असला तरी कारखान्यात तापवून गाळलेला असतो, कारण त्याला साखर धरायला नको असते. खाण्यासाठी मध हवा तर महाबळेश्वर भागातल्या मधपाळांकडून सातेरी मधमाशीच्या पेटीतला, यंत्राने काढलेला जांभळाचा किंवा हिरड्याचा मध घ्या. तिथलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्या लोकांच्या हाताला काम मिळतं आणि मध उत्तम असतो. पण तोही पोटात, पोळीबरोबर. आणि बाबांना नाही, खाल्लेला मध शुगर वाढवतोच, "मधाने शुगर वाढत नाही" हे खोटं आहे. जखमेवर लावलेल्या मधाचं म्हणाल तर छोट्या जखमेवरून अंगात जाणारी साखर नगण्य असते, माझ्या रुग्णांत त्याने शुगर चढलेली मला दिसली नाही, जखम खूप मोठी असली तर मी शुगर तपासत राहते इतकंच.

मानुका मधाबद्दल पण विचारतील कोणीतरी म्हणून दोन वाक्यं. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या पीटर मोलन यांच्या लक्षात आलं की मानुका झुडपाच्या मधातलं पेरॉक्साइड काढून टाकलं तरी तो जंतू मारतो, आणि २००८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते मेथिलग्लायॉक्सालमुळे, बाटलीवर एमजीओ म्हणून जो आकडा असतो तो हाच. आपल्या शरीरात कॅटलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड मोडून टाकतं, एमजीओला तसा अडथळा येत नाही, म्हणून जखमेच्या ड्रेसिंगसाठी मानुका पुढे आला आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्याच्या ड्रेसिंगला मान्यता दिली. पण ऑनलाइन हजारो रुपयांची जी खाण्याची बाटली मिळते ती निर्जंतुक नसते, ड्रेसिंगसाठीची ट्यूब वेगळी येते, तेव्हा पुण्या-मुंबईहून मागवताना उगाच बाटलीवर पैसे घालवू नका.

मी स्वतः मध कुठे वापरते? चहा-दूध सांडून पोळलेल्या लहान मुलांच्या वरवरच्या जखमांवर, आधी २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून थंड केल्यावर, आणि मूल एक वर्षाच्या वरचं असेल तर. सिझेरियन किंवा हर्नियाच्या पिकून उघडलेल्या टाक्यांवर, पू पूर्ण निघाल्यावर. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीवरच्या वास येणाऱ्या जखमांवर, मेलेलं मांस कापून काढल्यानंतर. कॅन्सरच्या फुटलेल्या गाठींवर, जिथे बरं होणं शक्य नसतं पण वास गेला की शेवटचे दिवस जरा बरे जातात. मधमाशीची ॲलर्जी असेल त्याला नाही.

लावायची पद्धत पण अशी असते की मध जखमेवर ओतायचा नाही, अंगाच्या उबेने पातळ होऊन तो बाजूने वाहून जातो. निर्जंतुक गॉजमध्ये मुरवायचा, हाताच्या तळव्याएवढ्या, म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरच्या पट्टीला साधारण २० मिली, वर जाड शोषून घेणारं पॅड आणि मग बँडेज. सुरुवातीला जखम जास्त पाझरते म्हणून रोज बदलायचं, कधी दिवसातून दोनदा, कारण मध पातळ होऊन वाहून गेला की उरलेले तास जखम नुसती भिजत पडते. कडेची चांगली कातडी पांढरी पडून फुगते, तिला झिंक ऑक्साइड किंवा व्हॅसलीन लावून वाचवायचं. पहिली १५-२० मिनिटं आग होते काहींना. आणि मुंग्या! खेड्यात जमिनीवर झोपणाऱ्या बधिर पायाच्या माणसाच्या पट्टीला मुंग्या लागलेल्या मी बघितल्यात, त्याला कळलंसुद्धा नव्हतं, म्हणून पट्टी चारी बाजूंनी बंद हवी आणि माणूस खाटेवर. मधात हळद मिसळू नका, हळदीने सगळं पिवळं होतं आणि भोवतीची लाली वाढतेय का हेच आम्हाला दिसत नाही. चुना, तंबाखू, कॉफी पावडर, शाई यातलं काहीही नको.

आता बाबांचं. त्यांच्या जखमेला पाच आठवडे का लागले याचं उत्तर बहुतेक जंतूंत नसून चालण्यात आहे. बधिर पायाला अंगठ्याखाली घट्टा येतो, घट्ट्याखाली कातडी फाटते, आणि प्रत्येक पावलाला ती परत फाटते. त्यामुळे सर्जनकडे जाईपर्यंतसुद्धा त्या पायावर वजन कमीत कमी टाकू द्या, संडासला जातानाही काठी किंवा वॉकर, टाच टेकवून. घरी जखम सलाइनने नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, निर्जंतुक गॉज ठेवून सैल बँडेज बांधा, बस. गरम पाण्यात पाय बुडवून शेक अजिबात नको, बधिर पाय भाजतो आणि समजत नाही. घट्टा ब्लेडने घरी कापू नका. उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं मनाने सुरू करू नका.

जखमेच्या कडेपासून लाली दोन सेंटिमीटरच्या बाहेर पसरली, पाऊल सुजलं, ताप आला, शुगर एकदम चढली, कातडी काळी पडली किंवा दाबल्यावर कुरकुर आवाज आला, तर दोन दिवस पण थांबू नका, रात्र असली तरी निघा.

सर्जनकडे गेल्यावर हे विचारा, लाजू नका: पायाची नाडी लागते का आणि नाही लागली तर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफीसारखी तपासणी, कधी करायचा, सळईने हाड लागतंय का, एक्स-रे काढला का. पहिले दोन-तीन आठवडे हाडाचं इन्फेक्शन एक्स-रेत दिसत नाही, पण तुमचे पाच झालेत त्यामुळे काढून उपयोग आहे. कल्चर, म्हणजे जंतू कोणते ते शोधायची तपासणी, पाठवायची असेल तर जखम साफ करून आतल्या मांसाचा छोटा तुकडा पाठवलेला बरा, वरचा पू कापसाने टिपून पाठवला तर कातडीवरचे नको ते जंतू निघतात आणि नको ती अँटिबायोटिक सुरू होतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते सांगा. पायावरचा भार काढायला प्लास्टर किंवा खास बूट देणार का ते विचारा, माझ्या अनुभवात तळव्याच्या जखमेला कुठल्याही मलमापेक्षा याचाच जास्त उपयोग होतो. हे सगळं होऊन, हाड मोकळं आहे, रक्त पोचतंय, मेलेलं काढलंय, आणि तरी वरच्या जंतूंचा आणि वासाचा त्रास उरलाय असं दिसलं, तर त्या सर्जनला निर्जंतुक मधाच्या ट्यूबबद्दल जरूर विचारा. मार्गदर्शन नको म्हणतं ते जखम भरण्यासाठी म्हणून, थोड्या दिवसांसाठी वास आणि चिकट थर काढायला काही सर्जन वापरतात, मीही वापरते, तो निर्णय पाय डोळ्यांनी बघणाऱ्याने घ्यायचा.

शेवटच्या तीन महिन्यांचे शुगरचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि बाबा रोज घालतात ती चप्पल सोबत न्या. चप्पल पिशवीत घालून न्या, पायात नको, तिचा तळ अंगठ्याखाली किती झिजलाय ते डॉक्टरांना बघू द्या.